सांथीच्या दिवसांत मैदान कोणाचें?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचींत नगरसंस्थांकडे सोंपवावयाच्या १८ बाबींची यादी आहे. त्यांतील सहावी बाब सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता यांची, आणि बारावी उद्यानें व क्रीडांगणें यांची. एरवीं या दोहोंत भांडण नसतें. मोकळें मैदान हें आरोग्याचेंच साधन, असें शाळेंत शिकविलें जातें. २०२० सालच्या कोरोना महामारींत मात्र सहावी बाब बाराव्या बाबीच्या आड आली, व मैदानें बंद झालीं. तीं कोणाच्या अधिकारानें बंद झालीं, आणि उघडणें कोणाच्या हातीं होतें, हें बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहण्याजोगें आहे.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांचा तोच कायदा महाराष्ट्र सरकारनें १३ मार्च २०२० पासून अंमलांत आणला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली ती मात्र २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यान्वयें. या कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यास एक प्राधिकरण असतें. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि स्थानिक संस्थेचा लोकनियुक्त प्रतिनिधि सहअध्यक्ष. नगरपरिषदेनें त्याच्या सूचनांप्रमाणें वागावयाचें. म्हणजे मैदान नगरपरिषदेचें, तें झाडणारा नोकरहि नगरपरिषदेचा. परंतु हुकूम जिल्हाकचेरींतून यावयाचा, आणि त्याचा साचा बहुधा मुंबईस ठरलेला असावयाचा.

या कडकपणास कारण नव्हतें असें नाहीं. विदर्भांतील कोरोनाच्या पहिल्या बळींपैकीं एक मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाण्यासच गेला. रोग कसा पसरतो याचें ज्ञान त्या वेळीं अपुरें होतें, आणि अपुऱ्या ज्ञानावर निर्णय घ्यावयाचा तर तो सावधपणाचाच घेतला जाणार.

नगरपरिषदेच्या कांहीं सेवा बंद ठेवतांच येत नाहींत. बुलढाणें शहरास पैनगंगेवरील येळगांव धरणाचें पाणी मिळतें. टाळेबंदी असो वा नसो, तें सोडावेंच लागतें. झाडलोट, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद यांचेंहि तसेंच. मैदानाची गोष्ट निराळी. तें बंद राहिलें म्हणून कोणी घागर घेऊन कचेरीवर जात नाहीं. त्यावर अवलंबून असणाऱ्यांना मत नसतें, अर्ज लिहितां येत नाहीं. जी गोष्ट बंद करण्यास खर्च नाहीं व उघडण्यास कोणाचा आग्रह नाहीं, ती सर्वांत आधीं बंद व्हावी व सर्वांत शेवटीं उघडावी, हें ओघानेंच आलें.

त्यांतहि एक विसंगति पाहा. महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत अरुंद गल्ल्यांतील भाजीबाजार उठवून मैदानांवर नेले गेले. चुन्याच्या फकीनें चौकोन आखून गिऱ्हाइकांना अंतरानें उभें केलें गेलें. ही योजना शहाणपणाचीच होती, कारण मोकळ्या हवेंत रोगाचा प्रसार कमी. पण हें तत्त्व भाजीस लागू पडतें, तर मुलांच्या खेळास कां नाहीं? जून २०२० मध्यें राज्य सरकारनें मोठ्या शहरांत उघड्या जागीं चालणें, धांवणें व सायकल यांस मुभा दिली. झोपाळे व कसरतीचीं साधनें मात्र बंदच ठेवलीं. भीति होती ती हात लागलेल्या लोखंडाची. पुढें एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनें सांगितलें कीं, वस्तूला स्पर्श झाल्यानें हा रोग जडण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनहि कमी असतो.

जून २०२१ पासून राज्यानें पांच स्तर ठरविले. शंभर चांचण्यांमागें किती बाधित निघाले आणि प्राणवायूच्या खाटा किती भरल्या, यावरून स्तर ठरे. मोठ्या महानगरपालिका स्वतंत्र घटक; बाकीच्या ठिकाणीं जिल्हा हाच घटक. बुलढाण्यांत महानगरपालिका नाहीं. तेव्हां १३ तालुके, २०११ च्या खानेसुमारीचे सुमारे २५ लक्ष ८६ हजार लोक, घाटावरचें चिखली-मेहकर आणि घाटाखालचें मलकापूर-जळगांव जामोद, या सर्वांस एकच आंकडा. घाटाखालीं रोगी वाढले तर घाटावरचें मैदानहि त्याच नियमांत जावयाचें. एकसारखा हुकूम राबविण्यास सोपा, हें खरें. परंतु राबविणाराची सोय म्हणजे लोकांची सोय नव्हे. चौथ्या स्तरांत मैदानें सोमवार ते शुक्रवार, सकाळीं ५ ते ९ एवढाच वेळ खुलीं ठेवावयाचीं होतीं. ही वेळ फेरफटक्यास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची. पोरें खेळावयास निघतात तीं दिवस कलल्यावर. पांचव्यांत तीं अजिबात बंद.

निर्णय खालीं सोंपवितां येत नव्हता, असेंहि नाहीं. जुलै २०२१ मध्यें ज्या गांवांत महिनाभर एकहि रोगी नव्हता, तेथें आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपंचायतीनें ठराव करून उघडावे, सरपंचाच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी, असें सरकारनेंच ठरविलें. जिल्हाभराचा आंकडा न पाहतां ज्या त्या गांवची स्थिति पाहावयाची, ही रीत शाळेपुरती तरी मान्य झाली. खेड्यांतील पहिली ते चवथीच्या मुलांची पाळी मात्र राज्याच्या आदेशाप्रमाणें १ डिसेंबर २०२१ रोजीं आली. मार्च २०२० पासून मोजल्यास हे वीस महिने होतात. आणि पुष्कळ खेड्यांत शाळेचें पटांगण हेंच गांवचें मैदान असतें.