टीव्हीवरचं स्वयंवर

अमेरिकेत २००२मध्ये ‘द बॅचलर’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. तिथं गुलाब देऊन निवड व्हायची. आपल्याकडे वरमाला आली. २००९मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर ‘राखी का स्वयंवर’मध्ये मुंबईच्या राखी सावंतनं कॅनडातल्या इलेश पारुजनवालाला निवडलं, पण लग्न झालं नाही. २०१०मध्ये त्याच वाहिनीवर राहुल महाजनचं डिंपी गांगुलीशी खरोखर लग्न लागलं; २०१५मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

राजगुरुनगरकडच्या वधू-वर मेळाव्यातही मंच असतो, हातात माइक असतो. मुलीकडचे मात्र आधी विचारतात, चाकणच्या कंपनीत मुलगा पर्मनंट की कंत्राटी? प्रश्न अगदी रास्त आहे. कंत्राट संपलं की खोलीभाडं आणि गाडीचा हप्ता दोन्ही अडतात, आणि ते मुलीलाच निभवावं लागतं.