चांदणी चौक सुटला का?

पुण्यात चांदणी चौकाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, “आता बघा, भुर्रकन जाता येतं.” दुसरी म्हणतात, “एवढे कोटी घातले आणि कोंडी तेवढी पुढे सरकली.” दोघंही आपापल्या वेळेला तिथून जातात, त्यामुळे दोघंही खरंच बोलत असतात. घोटाळा होतो तो त्यांनी पुढे जोडलेल्या कारणांमध्ये.

ज्यांनी हा चौक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोथरूडहून चढून येणारा पौड रस्ता, पुढे भूगाव-मुळशीकडे जाणारा रस्ता, बावधन-पाषाणकडून येणारा रस्ता आणि एनडीए-वारज्याची बाजू, असे सगळे इथे मुंबई-बेंगळुरू महामार्गाला येऊन मिळतात. आजूबाजूला टेकड्या. नव्या रचनेचं भूमिपूजन ऑगस्ट 2017 मध्ये झालं, जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर पाडला आणि 12 ऑगस्ट 2023 ला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते लोकार्पण झालं. खर्च सुमारे 865 कोटी रुपये; आठ रॅम्प आणि जोडरस्ते मिळून लांबी सतरा किलोमीटरच्या आसपास.

“सहाशे किलो स्फोटकांना पुरून उरला, म्हणजे जुना पूल भलताच मजबूत होता”

त्या रात्री अर्धं पुणं मोबाइलवर डोळे लावून बसलं होतं. नोएडाचे जुळे मनोरे पाडणाऱ्या कंपनीकडेच हे काम होतं, त्यामुळे तसंच काहीतरी बघायला मिळेल अशी अपेक्षा. धूळ बसली तर पुलाचा सांगाडा बराचसा तसाच. मग विनोदांना ऊत आला.

नियंत्रित स्फोटाचं काम काँक्रीट खिळखिळं करणं एवढंच असतं. त्यातल्या सळया स्फोटाने तुटत नाहीत. त्या वाकतात, लोंबतात आणि मग यंत्रांनी ओढून काढाव्या लागतात. आजूबाजूला वस्ती आणि खाली राष्ट्रीय महामार्ग असताना तुकडे उडू न देण्याला पहिलं प्राधान्य. पुलात अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं, असंही नंतर सांगण्यात आलं. यंत्रांनी उरलेलं काम उरकलं आणि सकाळी महामार्ग पुन्हा वाहता झाला. मुळात पूल कमकुवत झाला म्हणून पाडला नव्हता. त्याच्या खालच्या गाळ्याची रुंदी ठरलेली होती, त्यामुळे महामार्गाला नव्या लेन देता येत नव्हत्या. मजबुतीचा इथे संबंधच नव्हता.

“सहा वर्षं लागली ती ठेकेदाराच्या ढिलाईमुळे”

ठेकेदाराला नावं ठेवणं सोपं असतं, आणि काही वेळा ते बरोबरही असतं. इथे मोठं कारण जमीन होतं. रस्ता भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधायचा, पण रॅम्पसाठी लागणारी जागा पुणे महापालिकेने मिळवून द्यायची, अशी वाटणी होती. 2013 च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरालगतच्या जमिनीचा मोबदला बराच वाढला. पालिकेला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) द्यायला आवडतं, कारण त्यात तिजोरीतून रोख जात नाही. जागामालकाला, साहजिकच, रोख हवी असते. एका कोपऱ्यातलं घर अडलं तरी अख्खा रॅम्प अडतो. शिवाय इथे मोजावी लागणारी रक्कम बावधन-कोथरूडच्या बाजारभावाने ठरणार, आणि तो भाव चढण्यामागे येऊ घातलेल्या पुलाचाही हात असणारच. घराच्या जाहिरातीत “चांदणी चौकापासून पाच मिनिटं” छापून येतं ते उगाच नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे याच कोंडीत अडकले, स्थानिकांनी त्यांना तिथेच गाठलं आणि त्यानंतर कामाला जो वेग आला तो सगळ्यांनी पाहिला. यंत्रणेला जमत नव्हतं असं मग कसं म्हणायचं?

“सिग्नल गेला, म्हणजे कोंडी गेली”

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक वाद या एका वाक्यावर उभा आहे.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांशी गुंतण्याच्या 32 जागा असतात, असं वाहतूक अभियंते मोजतात. त्यातल्या 16 ठिकाणी गाड्या एकमेकींना आडव्या जातात, 8 ठिकाणी येऊन मिळतात, 8 ठिकाणी फुटतात. वरखाली रस्ते आणि रॅम्प बांधले की आडवं जाणं संपतं. जिवावर बेतणारे अपघात याच प्रकारात जास्त होतात, तेव्हा हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. साताऱ्याहून मुंबईला निघालेल्या माणसाचा मुळशीला जाणाऱ्या माणसाशी आता काही संबंध उरत नाही.

पण मिळणं आणि फुटणं तसंच राहतं. एक रॅम्प महामार्गात येऊन मिळतो आणि थोड्याच अंतरावर दुसरा बाहेर पडतो. मधल्या पट्ट्यात डावीकडून आलेल्यांना उजवीकडे जायचं असतं आणि उजवीकडच्यांना डावीकडे. दुचाकी, टेम्पो आणि चढावर दमलेला ट्रक एकाच वेळी लेन बदलायला लागले की वेग पडतो. एखाद्या फाट्याचा फलक नजरेतून सुटला तर पुढच्या वळणापर्यंत भुर्दंड ठरलेला. सुरुवातीच्या दिवसांत या रचनेला पुणेकरांनी भुलभुलैया म्हटलं ते काही कुत्सितपणाने नव्हे. अनेकांना खरोखरच कोथरूडला जाताना बावधन दिसत होतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे रॅम्पच्या टोकाला काय आहे. उत्तम परिस्थितीतही एका लेनमधून तासाला दोन हजार मोटारींच्या आसपासच जातात, आणि आपली परिस्थिती उत्तम कधीच नसते. चौकातून सुटलेली वाहनं कोथरूडच्या बाजूला उतरली की पौड रस्त्यावरचे सिग्नल, रिक्षाथांबे आणि दुकानांसमोर लावलेल्या गाड्या त्यांची वाट बघत असतात. मुळशीच्या बाजूला भूगावच्या गावठाणातून जाणारा रस्ता अरुंद आहे आणि तिथल्या बाह्यवळणाची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. पूर्वी गाड्या चांदणी चौकात अडून टप्प्याटप्प्याने पुढे जायच्या, आता त्या एकदम पोचतात. “कोंडी पुढे सरकली” म्हणणारा माणूस चेष्टा करत असेल, पण वर्णन अचूक करतो.

“रस्ते वाढवत राहिलो तर कधीतरी पुरतील”

अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच लिहून ठेवलं होतं की गर्दीच्या वेळच्या मोठ्या रस्त्यांवर जेवढी क्षमता वाढवाल तेवढी वाहनं येऊन ती भरतात. 2011 मध्ये जिल्स डुरान्टन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासून दाखवलं की महामार्गाच्या लेन जितक्या प्रमाणात वाढल्या, साधारण त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढलं. ह्यूस्टनचा केटी महामार्ग 2008 मध्ये रुंद करण्यात आला, सेवा रस्ते धरून काही ठिकाणी 26 लेनपर्यंत. तरीही 2011 ते 2014 या काळात गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

“ते अमेरिकेत” असं म्हणायचं असेल तर मुंबई आहे. 1995 नंतर युतीच्या काळात गडकरीच सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना 55 उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्या पुलांवरून आज जाणाऱ्याला कोंडीचा पत्ता विचारावा लागत नाही. पुण्यातलंच उदाहरण हवं तर विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल घ्या: जेमतेम दीड दशक वापरले आणि मेट्रोसह नवी दुमजली रचना करायची म्हणून 2020 मध्ये पाडले.

यामागे जादू काही नाही. रस्ता मोकळा झाला की उशिरा निघणारे वेळेवर निघतात, बसने जाणारे गाडी काढतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लांब राहायला जाणं परवडायला लागतं. पहिले दोन बदल काही महिन्यांत दिसतात, तिसऱ्याला काही वर्षं लागतात. तोवर पुलाच्या लोकार्पणाचे फोटो जुने झालेले असतात.

मात्र याच तत्त्वाचा उलटा गैरसमजही पसरलेला आहे: रस्ता बांधला म्हणूनच गर्दी झाली, बांधलाच नसता तर लोक आलेच नसते. हेही खरं नाही. बावधन आणि भूगावात इमारती उभ्या राहिल्या त्या पुलाची वाट बघत बसल्या नव्हत्या. हिंजवडीच्या नोकऱ्या आणि कोथरूडमधल्या जागेचे भाव यांनी लोकांना तिकडे ढकललं. रस्ता न बांधणं हे धोरण तेव्हाच चालतं जेव्हा परवानग्या देणारा हातही आखडलेला असतो. तो इथे सैलच होता.

“बांधणारं सरकार एकच, मग नियोजनही एकाच ठिकाणी होत असेल”

रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा. जमीन आणि शहरातले जोडरस्ते महापालिकेकडे. बस पीएमपीकडे, मेट्रो महामेट्रोकडे. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे अशी 23 गावं 2021 च्या जूनअखेर पालिकेत आली, पण त्यांचं नियोजन राज्य सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, सोपवलं. भूगाव पालिकेच्या हद्दीबाहेरच राहिलं. म्हणजे पाचशे फ्लॅटची परवानगी देणाऱ्याला त्या पाचशे गाड्या कोणत्या रॅम्पवर चढणार हे बघायची सक्ती नाही, आणि रॅम्प बांधणाऱ्याला फ्लॅटवर बोलायचा अधिकार नाही.

“विरोध होता तर जनसुनावणीत का नाही मांडला?”

कारण अशी जनसुनावणी बंधनकारकच नसते. राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो तो लांबी शंभर किलोमीटरच्या वर असेल आणि त्यासोबत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जागा घ्यायची असेल तेव्हा. एकटा चौक त्या चाळणीत अडकत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 मधल्या कलम 3(क) खाली हरकत घेता येते, तीही 21 दिवसांत आणि ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. रोज तिथून जाणारा, शेजारच्या सोसायटीत राहणारा किंवा रस्ता चालत ओलांडणारा माणूस यात कुठेच बसत नाही. त्याने मग वर्तमानपत्रात लिहायचं, नगरसेवकाला गाठायचं नाहीतर रस्त्यावर उतरायचं. त्याला “विकासाचा विरोधक” म्हणून मोकळं होण्याआधी त्याच्यासाठी कुठलं दार ठेवलं होतं ते तरी सांगावं.

“पादचाऱ्यांचा प्रश्न किरकोळ आहे, नंतर बघता येईल”

नंतरच बघितला गेला, हीच तक्रार आहे. कोल्हापूर, सातारा, मुंबईच्या एसटी आणि खासगी बस पकडायला लोक वर्षानुवर्षं चांदणी चौकात येतात. शेजारच्या वस्त्यांतून घरकामाला जाणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं, पीएमपी बदलणारे प्रवासी, हे सगळे इथे पायीच असतात. नवी रचना उभी राहिली, गाड्यांचा वेग वाढला आणि महामार्ग ओलांडायची सोय मात्र मागे राहिली. बॅग डोक्यावर घेऊन दुभाजक चढणाऱ्यांची छायाचित्रं छापून आल्यावर पादचारी पुलाचा विषय ऐरणीवर आला. आठ रॅम्पच्या आराखड्यात चालणाऱ्या माणसाची रेघ सुरुवातीलाच काढायला फार पैसे लागले नसते.

हे आत्ता सांगायचं कारण पुढचं काम दारात आहे. वनाजपर्यंत 2022 च्या मार्चपासून धावणारी मेट्रो चांदणी चौकापर्यंत न्यायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 जून 2025 ला मंजुरी दिली. हा वाढीव टप्पा किलोमीटरभराच्या आसपासचा. सोबतचा रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मार्ग धरून एकूण 12.75 किलोमीटर, 13 स्थानकं आणि सुमारे 3626 कोटी रुपये. चौकातली गर्दी थोडी तरी हलकी होण्याची शक्यता असेल तर ती यातच आहे, पण स्थानकापर्यंत पोचता आलं तर. बावधनच्या बाजूने चालत येणाऱ्याने महामार्ग आणि रॅम्प पार करून जिन्यापर्यंत कसं यायचं, भूगावची पीएमपी नेमकी कुठे थांबणार आणि दुचाकी कुठे लावायची, हे आराखड्यावर दाखवा, अशी मागणी आज करता येते. खांब उभे राहिल्यावर हीच मागणी वेगळ्या निविदेत जाईल.