एक वही, एक लेखणी

एकत्र कुटुंबांत खर्चाची वही एक आणि लिहिणारे हात दोन असले म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हांस घरींच आला. वहींत शिल्लक १००० रुपये होती. थोरल्या बंधूंनीं ती पाहिली व दुधाचे २०० रुपये वजा करीत ते आंत गेले. इतक्यांत धाकट्यांनींहि तोच आंकडा पाहून वाण्याचे ३०० वजा केले व ७०० लिहिले. मागाहून थोरल्यांनीं तें खोडून ८०० लिहिले. खरी शिल्लक ५००! वजाबाकी कोणाचीच चुकली नव्हती. तरी वाण्याचा खर्च वहींतून नाहींसा झाला.

संगणकाच्या आज्ञावलींत नेमकें हेंच घडतें. तींत एकाच वेळीं अनेक कार्यें चालतात. त्यांस थ्रेड, म्हणजे धागे, म्हणतात. सर्वांची सामायिक राशि एकच असते. ‘एक मिळव’ ही आज्ञा दिसावयास एक. परंतु तिच्या पोटीं वाचणें, मिळविणें व लिहिणें अशा तीन क्रिया असतात. त्यांच्यामध्यें दुसरा धागा शिरला, कीं एकाची नोंद बुडते.

पैशाची चूक भरून निघते. प्राणाची निघत नाहीं. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रानें १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें सहा रुग्णांस मर्यादेबाहेर किरणमात्रा दिली. १९८६ सालीं टेक्सासमधील टायलर येथें यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं चुकीचें अक्षर तत्काळ सुधारलें. परंतु चुंबक जुळविण्यास सुमारें ८ सेकंद लागत व त्या अवधींत झालेली दुरुस्ती दुसऱ्या कार्यास कळलीच नाहीं. पडद्यावर एक, यंत्रांत भलतेंच! तेथील दोन्ही रुग्ण पुढें दगावले. सामायिक नोंदींस संरक्षण नव्हतें, हें त्याचें एक प्रमुख कारण ठरलें.

उपाय एकच: त्या तीन क्रिया अविभाज्य करणें. धागे कितीहि असोत, एका वेळीं एकासच प्रवेश मिळावा, याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. आतां यासाठीं कुलपाची योजना करतात. मात्र पथ्यें दोन आहेत. कुलूप सर्वांनीं पाळलें पाहिजे, केवळ वाचणाऱ्यानेंहि; आणि कुलपें दोन असतील तर सर्वांनीं तीं एकाच क्रमानें घ्यावीं. नाहीं तर एकेक कुलूप धरून दोघेहि एकमेकांची वाट पाहत जन्मभर बसतील!

आम्हीं वहीस दोऱ्यानें एकच लेखणी बांधली. ती हातीं घेतल्यावांचून शिल्लक पाहावयाचीहि नाहीं, असा नियम केला. थोरले बंधु प्रथम रागावले. त्यांस हा अविश्वास वाटला. परंतु दोघेहि प्रामाणिक असतांना हिशेब बुडाला होता, हें स्मरतांच तेच नियमाचे कट्टे रक्षक झाले.