दुरुस्तीचं टेबल (भाग 9) : दोन पिनांमधला थेंब

गेल्या आठवड्यात मीटरची बीप कशी ऐकायची ते पाहिलं. आता ती नको तिथे वाजली तर काय करायचं, ते बघू.

नार्नूरच्या एका दुकानात टेबलावर झटका मशीन उघडून ठेवलेली होती. कापूस-तुरीच्या शेताला तार ओढून रानडुकरं अडवणारी ही पेटी. साधारण सेकंदाला एक झटका, काही हजार व्होल्टचा, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. तिची टिकटिक बंद पडली होती. आधी कोणीतरी बोर्डावरची आठ पिनांची आयसी बदलली होती आणि शेजारच्या दोन पिना सोल्डरच्या एकाच थेंबाखाली बुजल्या होत्या. "भाऊ, कंपनीवाले म्हणते बोर्डच बदला," दुकानदार म्हणाला. मी भिंग मागितलं.

हात लावण्याआधी एक गोष्ट. या पेटीतला मोठा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही काही शे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. तो काही किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा करायचा, मीटरनं शून्य झाल्याची खात्री करायची, मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं. पेचकसानं ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यांचे पेचकसही पाहिलेत.

दुसरं, तो थेंब खरंच चुकीचा आहे का? कधी कधी शेजारच्या दोन पिना बोर्डावरच्याच तांब्याच्या पट्टीनं मुद्दाम जोडलेल्या असतात. तिथला थेंब काढून काही साधत नाही. हिरव्या थराखाली पट्टी या पिनेकडून त्या पिनेकडे जाते का, ते उजेडात तिरपं धरून बघायचं. इथे जात नव्हती.

आता मुद्दा. सोल्डर जास्त झालं म्हणून पिना चिकटतात, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. बहुतेक वेळा जास्त झालेलं नसतं सोल्डर, कमी पडलेला असतो फ्लक्स. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण पाण्याच्या सहा-सातपट असतो, त्यामुळे ते स्वतःला गोळा करून घेतं आणि स्वच्छ तांब्याकडे धावतं. मधल्या हिरव्या थराला ते धरत नाही. पण सोल्डरवर हवेनं ऑक्साइडची साय धरली की त्याला ना नीट गोळा होता येतं, ना पांगता येतं. मग आपण टोकानं खरवडत बसतो, थेंब आणखी मळकट होतो आणि बोर्ड भाजतो. ती साय काढायची ती फ्लक्सनं.

हे कल्हईवाल्याला शाळेत न जाता ठाऊक होतं. तापलेल्या पातेल्यात तो आधी नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. नवसागराशिवाय कथील भांड्यात नुसतं गोळ्या होऊन लोळतं. आपलं सोल्डर म्हणजे तेच कथील, फक्त शिसं मिसळलेलं. मात्र नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट बोर्डावर चालत नाही. मागे राहिलेला क्षार पावसाळ्यात ओल ओढतो आणि तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडून खंगतात. इथे राळच हवी, म्हणजे रोझिन.

तर त्या दोन पिनांवर रोझिनचा फ्लक्स भरपूर लावला. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून चकचकीत केलं, थेंबाला टेकवलं आणि पिनांच्या लांबीच्या दिशेनं, आयसीपासून बाहेर, सावकाश ओढलं. आडवं ओढलं तर तेच सोल्डर तिसऱ्या पिनेवर जाऊन बसतं. निम्मा थेंब टोकावर आला. पूल मात्र तुटला नाही.

मग वात घेतली. बाजारात तिला डिसोल्डर वायर म्हणतात: बारीक तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. समईची वात तेल ओढते त्याच केशाकर्षणानं ही वितळलेलं कथील ओढते. नसेल तर जुन्या वायरचे बारीक तांब्याचे धागे सोलून, पिळून, रोझिनमध्ये बुडवून घ्या, काम भागतं. वात थेंबावर ठेवायची, वरून आयर्न टेकवायचं आणि वाट बघायची. दोन-तीन सेकंदांत लाल तांबं रुपेरी होत पुढे सरकतं, ते बघण्यासारखं असतं. आणि आता सगळ्यात नाजूक क्षण: वात आणि आयर्न एकदमच उचलायचे. आयर्न आधी उचललं तर वात तिथेच गोठते. मी एकदा अशी गोठलेली वात हिसका देऊन ओढली होती, एका रेडिओच्या बोर्डावर. वातीबरोबर तांब्याची पट्टीही उखडून आली.

थेंब वितळायलाच तयार नसेल तर तो बहुधा बिनशिशाचा. युरोपात 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर निर्बंध आले आणि कारखान्यांतून कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर रुळलं. ते 217 अंशांच्या पुढे वितळतं. आपलं 63/37 कथील-शिशाचं सोल्डर मात्र 183 अंशांनाच. अशा वेळी थेंबावर थोडं शिशाचं सोल्डर आणखी घालायचं, मिश्रण लवकर पातळ होतं, मग सगळंच वातीनं ओढून घ्यायचं. काढायला बसलो आणि वर घालतोय, हे बघून दुकानदार हसला होता. या बोर्डाला त्याची गरज पडली नाही.

वातीचा रुपेरी झालेला तुकडा कापून टाकला, दुसऱ्या टेकवणीत दोन पिनांमधली हिरवी फट दिसली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं राळ धुतली, कारण चिकट राळेवर धूळ बसते. मीटर लावला, बीप नाही. बॅटरी जोडली, टिक… टिक…

उखडलेली पट्टी तारेनं कशी जोडायची, ते पुढच्या आठवड्यात. तो रेडिओ अजून माझ्याकडेच आहे.