मूर्ती इको-फ्रेंडली, पण नेमकी कशी?

श्रावण सरत आला की सदाशिव पेठेत गणेशमूर्तींचे स्टॉल लागतात आणि बऱ्याच फलकांवर ‘इको-फ्रेंडली’ ही अक्षरं बाप्पाच्या नावापेक्षा मोठी असतात. पेठेतलं गिऱ्हाईक भावावर वाद घालेल. या शब्दाचा पुरावा मात्र सहसा मागत नाही.

पण अशा निसर्गप्रेमाच्या आवाहनाने माणूस किती बदलतो? गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी 2008 साली अमेरिकेतल्या हॉटेलातला प्रयोग प्रसिद्ध केला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ असं कार्ड वाचून सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ऐकलं. ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर 44 टक्क्यांनी! पुढच्या फेरीत ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी’ म्हटल्यावर आकडा 49 वर गेला. शेजारच्या घरी बादलीत विसर्जन झालं की आपल्याही घरी तो विषय निघतो, तो बहुधा यामुळेच.

पण बादलीत प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर? ती म्हणजे शेवटी जिप्सम. लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळणारं. यावर तोड काढली पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. मोहन डोंगरे आणि डॉ. शुभांगी उंबरकर यांनी. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं. (बिस्किटं फुगवायला बेकरीवाले हेच वापरतात!) बुडबुडे येतात, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात उरतं अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. पुणे महापालिकेने ही पावडर फुकट वाटली. फलकांवर मात्र या दोघांचं नाव दिसत नाही.

मग आता प्लास्टरची मूर्ती बिनधास्त घ्यायची? पावडर आहे म्हणून आपण सैल पडू, अशी भीती वाटू शकते. एक ‘हिरवी’ खरेदी केली की माणूस पुढे सैल वागतो, असं टोरांटोच्या मझार आणि झाँग यांनी 2010 मध्ये मांडलं. बातमी जगभर गाजली. 2019 मध्ये इतरांनी तीनदा तोच प्रयोग केला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. मूर्तीवरच्या रंगांचा प्रश्न मात्र पावडरीने सुटत नाही. शाडूही निर्दोष नाही: ती बहुतांशी गुजरातेतून येते आणि पाण्यात गाळ होऊन बसते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’ म्हणायचं तर पुरावा हवा. शिवाय दावा अख्ख्या वस्तूबद्दल आहे, एखाद्या भागाबद्दल की वेष्टनाबद्दल, तेही सांगायला हवं. त्या हिशेबाने स्टॉलवर विचारायचे प्रश्न चार: माती कुठली, रंग कसला, सजावट कशाची आणि विसर्जनानंतर तळाशी काय उरणार?