अंदाजाच्या आकड्यामागील ‘अधिक-उणे’

पोते विकत घेण्यापूर्वी मालाची वानगी पाहणे ही आपल्या पेढ्यांवरची जुनी रीत. आमचे वडील पोत्याच्या तोंडाशी कधी हात घालीत नसत. “वरचा माल दाखविण्यासाठी ठेवलेला असतो,” असे म्हणून ते थप्पीतील मधल्याच एखाद्या पोत्याकडे बोट करीत आणि त्याच्या बुडाशी व कुशीला लोखंडी नळी खुपसावयास सांगत. मूठभर दाण्यांवरून शंभर पोत्यांचा भाव ठरे. संख्याशास्त्रात ज्याला ‘नमुना-पाहणी’ म्हणतात, तो सारा विषय ह्या नळीचाच विस्तार आहे असे म्हटल्यास शास्त्रज्ञ फारसे रागावणार नाहीत.

असे असूनही पीकपाण्याचा अंदाज वाचताना आपण आकडा तेवढा उचलतो आणि त्यापुढील ‘अधिक-उणे’ सोडून देतो. हा प्रमाद प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेला आहे. एका हंगामात भुईमुगाचे पीक गतवर्षापेक्षा किंचित अधिक येणार असे वाचून मी घाईने आगाऊ सौदे केले. पीक प्रत्यक्षात कमी उतरले आणि सौदे पुरे करण्यासाठी चढ्या भावाने माल घ्यावा लागला. त्या वर्षीची खातेवही पुढे उघडून पाहण्याचेही धैर्य मला बरेच दिवस होईना. अंदाज करणारांचा दोष मुळीच नव्हता. तो ‘किंचित’ जेवढा होता त्याहून त्रुटिमर्यादा मोठी होती, आणि ती त्याच कागदाच्या तळाशी छापलेली होती!

ही त्रुटिमर्यादा म्हणजे काय? समजा, एखाद्या शहरातील ४०० घरे चिठ्ठ्या टाकून निवडली व त्यांपैकी निम्म्या घरांत गोडेतेल वापरतात असे आढळले. तर साऱ्या शहराचे प्रमाण शेकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान असावे, एवढेच त्यावरून म्हणता येते. ह्याच रीतीने नव्याने चिठ्ठ्या टाकून १०० पाहण्या केल्या, तर सुमारे ९५ वेळा अशी पट्टी खऱ्या आकड्याला कवेत घेईल. उरलेल्या वेळी ती चुकेल, आणि आपल्या हातातील पाहणी त्या चुकलेल्यांपैकी आहे की काय, हे पाहणी करणाऱ्यालाही ठाऊक नसते. पट्टी निम्मी करावयाची तर घरे दुप्पट करून भागत नाही. चौपट, म्हणजे १६०० घरे पाहावी लागतात. मात्र शहर बेळगावाएवढे असो की हैदराबादेएवढे, त्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. व्यापाऱ्याला विशेष महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अशा ४००-४०० घरांच्या दोन वर्षांच्या पाहण्यांची तुलना केली, तर त्यांच्या फरकाची मर्यादा ५ नव्हे, ७ च्या आसपास जाते. तेव्हा गतवर्षी ५० आणि यंदा ५३ असे निघाले, तर खप वाढला असे म्हणण्यास आधार नाही. कमी झाला असेही म्हणता येत नाही.

येथवर हिशेब सरळ आहे. परंतु ही मर्यादा केवळ चिठ्ठीच्या योगायोगाची असते. नळीच सदोष असेल तर त्याची वाच्यता तीत नसते. ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडले. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाच्या नमुना-पाहण्या चालविल्या. शेतातील अगदी लहानसा तुकडा कापून त्यावरून उतारा काढावा, म्हणजे त्याच खर्चात अधिक शेते पाहून होतील, हा त्यांचा विचार. इकडे दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेच काम करीत होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले हे मराठी संशोधक पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो, असे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात मांडले. कारण साधे आहे. आखलेल्या रेषेवरच उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. आणि तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड फार. शिकविलेल्या कुशल माणसांच्या हाती हा दोष आवरता येतो, असे महालनोबिसांचे म्हणणे. वाद बराच रंगला. आज आपल्याकडे बहुतेक पिकांसाठी ५ मीटर लांब व तितकाच रुंद चौकोन कापतात, आणि पीक-विम्याची भरपाई ठरविताना त्याच प्रयोगांचा आधार घेतात.

असल्या दोषाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. शेते चौपट केली तरी तो जात नाही. उलट त्रुटिमर्यादा निम्मी होऊन चुकीचा आकडा अधिक विश्वसनीय दिसू लागतो! ह्यावर महालनोबिसांनी एक युक्ती वापरली. एकाच मुलखात दोन स्वतंत्र तुकड्यांकडून निरनिराळे नमुने घ्यावयाचे आणि त्यांचे आकडे ताडून पाहावयाचे. दोन गुमास्त्यांकडून एकाच वखारीची मोजदाद करविण्यासारखेच हे झाले. अर्थात दोघेही एकाच खोट्या मापाने मोजीत असतील, तर ही युक्तीही लंगडी पडते.

ह्याच महालनोबिसांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या अधिष्ठानावर लिहिताना जैन स्याद्वादाची चर्चा केली आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. सप्तभंगीतील चौथा भंग, ‘स्यादवक्तव्य’, ह्याच्याशी संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेचे नाते त्यांना दिसले. आपल्या आचार्यांनी संख्याशास्त्र शोधून काढले, असा डांगोरा मात्र ह्यावरून पिटू नये; चिठ्ठ्या, मापे आणि वर्गमुळे ही निराळ्या परंपरेची कमाई आहे. तथापि ‘अमुक अपेक्षेने असे आहे’ हे म्हणण्याची सवय ज्या घरांत बाळपणापासून कानी पडते, तेथे आकड्यापुढील ‘अधिक-उणे’ परके वाटण्याचे कारण नाही.

आमच्या पेढीवर आता पिकाच्या अंदाजाखाली एकाऐवजी दोन आकडे लिहितात, एक खालचा आणि एक वरचा. वृद्ध दिवाणजी आरंभी फार कुरकुरले. “शेठ, ह्यांतील जमेस कोणता धरू?” असे त्यांनी विचारले. “दोन्ही धरा, आणि खालचा खरा ठरला तर सौदे कशाने पुरे करावयाचे, तेवढे आधी सांगा,” असे मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि वखारीच्या किल्ल्या मागितल्या.