लेसर कोरणी: आधी माल ओळखा

दारावरच्या मराठी-उर्दू पाट्या, ट्रॉफ्या, चामड्याची पाकिटे यांवर नावे कोरण्यासाठी आपल्या अनेक कारागीर बांधवांनी लेसर यंत्रे बसविली आहेत. यंत्र चालविणे फारसे अवघड नाही. खरा धोका असतो तो त्याखाली ठेवलेल्या मालात.

लाकूड, ॲक्रिलिक व चामडे यांसाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. त्याचा अदृश्य किरण माल जाळीत जातो. गिऱ्हाईक 'लेदर' म्हणून जे आणते ते पुष्कळदा रेक्झिन असते व त्यात बहुधा पीव्हीसी असते. पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलावा मिळताच त्याचे आम्ल बनते. ते फुप्फुसांना इजा करते, शिवाय यंत्राचे लोखंडी भाग गंजविते. एक्झॉस्ट पंखा असला तरी पीव्हीसी यंत्रात घालूच नये.

शंका असल्यास मोकळ्या हवेत परीक्षा घ्यावी. तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल करावी, मालाच्या तुकड्याला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असे समजून काम परत करावे. चार पैसे बुडतील. यंत्र गंजले तर हजारो जातील.

दुसरे भय आगीचे. ॲक्रिलिक व लाकूड पाहता पाहता पेट घेतात. म्हणून यंत्र चालू ठेवून चहाला जाणे नको! नळीजवळची हवेची फुंकर चालू ठेवावी, जाळीखालचा कचरा रोज काढावा व कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी ठेवावे. लेसर नळीला हजारो व्होल्टचा दाब असतो. चालू यंत्रावर पाणी ओतू नये. अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

झाकण उघडताच किरण बंद करणारा स्विच काही जण सोयीसाठी जोडून टाकतात. हे डोळ्यांशी खेळणे आहे. धातूवर कोरणाऱ्या फायबर लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण तर साध्या काचेतून आरपार जाऊन डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. त्याचा चष्मा त्याच मापाचा हवा; कार्बन डायऑक्साइड लेसरचा चष्मा तेथे कामाचा नाही.

आता बचतीविषयी. कोरणी फिकी आली की पुष्कळजण पॉवर वाढवितात. त्याने नळी लवकर संपते. आधी लेन्स व आरसे पुसावे, फोकस तपासावा. नळी थंड ठेवणारे पाणी डिस्टिल्ड असावे व सुमारे २० अंशांवर राहावे. यंत्राचे डोके एकेक रेघ ओढीत पुढे सरकते व प्रत्येक टोकाला वळताना वेळ जातो. लांबट पाटी आडवी लावल्यास वळणे कमी होतात. ॲक्रिलिक घेताना 'कास्ट' मागावे, त्यावर अक्षर पांढरे उठते. 'एक्स्ट्रुडेड'वर ते पारदर्शकच राहते. प्रत्येक मालाची गती व पॉवर टाकाऊ तुकड्यावर ठरवून वहीत टिपून ठेवावी.